आधी ब्रेक बनवा, मग गाडी

वाशीम जिल्ह्यातल्या सहापैकी कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. नाक्याबाहेर एखादं तरी वेल्डिंगचं दुकान दिसेल आणि तिथे संध्याकाळी पोरांचा घोळका असेल. ट्रॉलीचा मोडलेला आस जोडला जात असतो, पेरणी यंत्राचे फण सरळ होत असतात आणि कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवत असतो. परदेशातल्या कुणी घरच्या गॅरेजमध्ये चकाचक स्पोर्ट्स कार जोडलेली असते. पुढचा प्रश्न ठरलेला, "आपल्याच्यानं नाही होणार का बे?"

होईल. जोडायला हात लागतात, डोकं लागतं, चिकाटी लागते आणि ती आपल्याकडे आहे. पण जोडलेली गाडी सुरक्षित असणं ही वेगळी गोष्ट आणि ती रस्त्यावर कायद्याने चालणं ही त्याहून वेगळी. या तिन्हींची गल्लत झाली की कौतुक करणाऱ्यांची गर्दी होते, नुकसान मात्र एकट्याचं होतं. म्हणून आज या हौसेबद्दल थोडं सरळ बोलू.

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत मिळणारी गाडी. सांगाडा, बॉडी, सस्पेन्शन कंपनी देते. इंजिन-गिअरबॉक्स बऱ्याचदा जुन्या गाडीचे आणि जोडणी तुमची. या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं नाव लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनिअरने १९४८ मध्ये जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन एका गॅरेजमध्ये आपली पहिली गाडी तयार केली. १९५७ मध्ये त्याच्या कंपनीने लोटस सेव्हन आणली. तेव्हा ब्रिटनमध्ये कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या नव्या गाडीवर खरेदी कर होता, सुट्या किटवर नव्हता. कर वाचवायला लोकांनी घरीच पाने हातात घेतले. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, लोटसने त्या गाडीचे हक्क केटरहॅमला दिले आणि केटरहॅम आजही ती गाडी किटमध्ये विकते. गाडीचं वजन साधारण पाचशे किलो. हलकी गाडी छोट्या इंजिनावरही पळते, हा चॅपमनचा धडा.

हे वारं आपल्या महाराष्ट्रातही आलं होतं. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने लोटस सेव्हनच्या धर्तीची 'रोडस्टर' बनवली. फायबरग्लासची बॉडी आणि १.८ लिटरचं इसुझू इंजिन. आपल्या वडलांच्या पिढीने कॉन्टेसा गाडीत ऐकलेलं तेच इंजिन. म्हणजे आपल्या मातीत हे घडतच नाही असं म्हणायला जागा नाही.

आता दोन माणसं पाहा. दोघेही इंजिनिअरिंग कॉलेजात न गेलेले.

पहिले दत्तात्रय लोहार. गाव देवराष्ट्रे, तालुका कडेगाव, जिल्हा सांगली. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच. त्यांनी भंगारातले भाग जमवून सुमारे साठ हजार रुपयांत घरच्यांना बसवून नेता येईल अशी छोटी चारचाकी केली. ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ ट्विटरवर टाकला. ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती थांबवणार, हेही त्यांनी त्यातच लिहिलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात.

दुसरा शेख इस्माईल, गावाचा मुन्ना. पुसदच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी त्याचं गाव, आपल्या मानोऱ्यापासून फार दूर नाही. आठवीनंतर शाळा सुटली, हातात वेल्डिंग आलं. या विशीतल्या पोराने व्हिडिओ पाहून, मारुती ८०० चं इंजिन लावून, स्वतःचं हेलिकॉप्टर उभं केलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पाती तुटली, डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्याही मागे टाळ्या वाजवणारे होते. मात्र पाती फिरण्याआधी "थांब, हे एकदा तपासून घेऊ" म्हणणारी कुठलीही व्यवस्था त्याच्या आसपास नव्हती.

या दोन गोष्टींत अवघ्या पाच महिन्यांचं अंतर आहे. दोन्ही ठिकाणी हुन्नर अस्सल होतं. एकाच्या घरी बोलेरो आली, दुसऱ्याच्या घरातून माणूस गेला. आपल्या हुन्नराचा शेवट नशिबावर सोडायचा का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

नशिबाचा वाटा कमी करायचा तर सुरुवात ब्रेकपासून करा. अकरावीचं फिजिक्स आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेलात की ब्रेकला चौपट ऊर्जा रिचवावी लागते आणि तेवढ्याच जोराच्या ब्रेकने थांबायचं अंतरही चौपट होतं. समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादा १२० आहे. त्या वेगाला हा आकडा नऊपट. गल्लीत झकास थांबणारी गाडी तिथेही थांबेल, असं तुमचा मित्र म्हणेल, फिजिक्स म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. चार पाइप जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला ढकला, तो तिरका होतो. त्यात एक कर्ण घाला, हलत नाही. त्रिकोणाची ही ताकद कळली की अर्धी चेसिस कळली. बाकीचं अर्धं टाक्यात आहे. बाहेरून गुळगुळीत दिसणारा टाका आत शिरलेलाच असतो असं नाही, आणि वरून रंग मारला की चूक दिसत नाही, ती फक्त लपते. ट्रॉलीचा टाका सुटला तर सोयाबीन सांडतं, सांगाड्याचा सुटला तर माणूस सांडतो. आणि घरी पडलेला जीआय पाइप वापरायचा मोह टाळा. त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डिंग करताना छातीत जातो, थंडी-ताप भरतो.

तिसरी गोष्ट वळण्याची. गाडी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून पुढची दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळवून भागत नाही, आतलं जरा जास्त वळावं लागतं. हे कागदावर काढलं नाही तर टायर घासत जातं आणि वेगात गाडी ऐकेनाशी होते. हे गणित अवघड नाही. पण ते करावं लागतं, आणि ते करणं हीच तर इंजिनिअरिंग.

आता कायदा. इथे आपल्या पोरांचे तीन गैरसमज पक्के आहेत.

पहिला, "जुन्या मारुतीचं आरसी बुक आहे ना, चालते." नाही चालत. ते आरसी त्या चेसिसचं आहे. इंजिन काढून नव्या सांगाड्यात घातलं की ती गाडीच वेगळी होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करू देत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कायद्याला किटचं वावडं आहे असं मात्र नाही. सीएनजी किट बघा. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवलं, आरसीवर नोंद झाली की गाडी कायदेशीर.

दुसरा, "आपल्या वावरातच तर फिरवतो." नोंदणीचं कलम ३९ वाचा. त्यात सार्वजनिक जागेच्या पुढे 'किंवा इतर कोणत्याही जागी' असंही म्हटलं आहे. रस्त्यासाठी बनवलेली गाडी वावरात नेली म्हणून सुटका होते, हे गृहीत धरू नका.

तिसरा, "पकडलं तर दंड भरू." दंड ही छोटी गोष्ट. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. उद्या कुणाला धडक बसली तर भरपाईचा बोजा थेट मालकावर, म्हणजे बहुतेक वेळा बापाच्या चार एकरांवर.

हे नियम मूर्ख माणसांनी केलेले नाहीत. २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्ता अपघातांत गेली. अशा देशात गाड्यांची तपासणी ढिली करा, अशी मागणी कुणी करू नये. आमचीही नाही.

पण एक मागणी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ सांगतो की गाडी बनवणाऱ्याने नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी. यातल्या तीन महत्त्वाच्या संस्था आपल्याच राज्यात आहेत: पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. अडचण अशी, की ही पद्धत हजारो गाड्या विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. नवं मॉडेल आणताना कंपनी गाडी समोरून आणि बाजूने आपटून दाखवते. ज्याच्याकडे उभ्या आयुष्यात बनवलेली एकच गाडी आहे, त्याने ती आपटून कशी दाखवायची?

ब्रिटनने यावर वाट काढली आहे. तिथे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. निरीक्षक ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, स्टिअरिंग, धूर, टोकदार कडा असं सगळं पाहतो. पास झाली तर नोंदणी, नाही तर दुरुस्त करून परत या. अशी वाट आपल्याकडे का नसावी? वर्षातून ठरावीक गाड्या, वेगावर मर्यादा, सक्तीचा विमा, हव्या तेवढ्या कडक अटी घाला. पण दार ठेवा. दार नसलं की माणूस एक तर भिंत चढतो नाही तर घरी बसतो, आणि देशाचं दोन्हीकडून नुकसान होतं. लोहारांच्या हुन्नराला एका उद्योगपतीने मोल दिलं ही चांगली बातमी. व्यवस्थेकडे त्यासाठी साधा अर्जसुद्धा नव्हता, ही त्याच बातमीतली न छापलेली ओळ.

दुसरी मागणी आपल्या जिल्ह्याकडे. वाशीमची ओळख केंद्राच्या यादीत आकांक्षित जिल्हा अशी आहे. आकांक्षा कुठे दिसते? संध्याकाळी पाचनंतर आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपला लागणाऱ्या कुलपात तर नाही. तिथे लेथ आहेत, वेल्डिंग मशीन आहेत, शिकवणारे आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एका निदेशकाच्या देखरेखीखाली, हे वर्कशॉप जिल्ह्यातल्या कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उघडं ठेवा. मुन्नाला हेच मिळालं असतं तर? उत्तर कुणालाच माहीत नाही, पण विचारायला हवं.

आणि तुम्ही? सरकारची वाट बघत बसू नका. देशात विद्यार्थ्यांनी गाड्या बनवण्याच्या स्पर्धा आहेत. बाजा एसएई इंडिया २००७ पासून सुरू आहे, पहिली इंदूरजवळच्या पीथमपूरला झाली. फॉर्म्युला भारत कोइमतूरच्या करी स्पीडवेवर होते. फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धांत पळण्याआधी गाडी ६० अंशात तिरकी करून पाहतात, इंधनाचा थेंब गळता कामा नये. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक व्हायला हवीत. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता यायला हवं. गाडी सुंदर दिसते का, हे या तपासणीत कुणी विचारत नाही. या स्पर्धांची नियमावली वाचायला मिळते. ती एकदा वाचून काढा, अनेक व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवेल.

मग टीम करा. मेकॅनिकलवाला हवाच, पण हिशेब ठेवायला कॉमर्सचा, कायदा वाचायला एलएलबीचा आणि नाक्यावरचा वेल्डर मित्रही हवा. त्याच्या हाताला जे कळतं ते तुमच्या पुस्तकात नाही, तुमच्या पुस्तकातलं त्याच्यापर्यंत कुणी नेलेलं नाही. आधी कागदावर गाडी काढा. मग एकच चाक, एकच ब्रेक, एकच सस्पेन्शन जमिनीवर मांडून बनवा. मोजा, तोडा, परत बनवा. प्रत्येक चुकीची तारीख घालून वही ठेवा. उद्या नोकरीच्या मुलाखतीत ती वही तुमच्या मार्कशीटहून जास्त बोलेल.

घरचे म्हणतीलच, "काहून भंगार जमा करून रायला बे? त्यापरीस परीक्षेचं पाय." त्यांच्यावर चिडू नका. त्यांना त्या भंगारात खर्च दिसतो, तुम्ही त्यांना वही दाखवा. व्हायरल व्हायची घाई असेल तर मात्र हा धंदा तुमचा नाही. व्हिडिओला तीस सेकंद लागतात, खात्रीच्या ब्रेकला काही महिने.

एमएच ३७ च्या पाटीची, वाशीमच्या पोरांनी बनवलेली, तपासून पास झालेली गाडी एक दिवस रस्त्यावर यावी, ही आमचीही इच्छा आहे. ती पळेल तेव्हा बघायला येऊच. पण त्याआधी, ती थांबते ती जागा फूटपट्टीने मोजाल तेव्हा आम्हाला बोलवा. टेप धरायला येतो.