अतिवाहक आणि यंत्रमागाचे वीजबिल

अतिवाहकतेचा, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहण्याच्या गुणाचा, नवा शोध लागला की बातमीत एक वाक्य ठरलेले असते : आता वीज वाया जाणार नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागधारकाला ते गोड लागणारच. पण अणूइतक्या पातळ अतिवाहकांकडून ही अपेक्षा ठेवणे चूक, आणि ती दाखवून सरकारी पैसा मागणे त्याहून चूक. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ग्राफिनचे, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनचे, दोन थर सुमारे १.१ अंशाने फिरवून एकमेकांवर ठेवले, तेव्हा त्यांतून विरोधाशिवाय वीज वाहिली. विरळ विणीची दोन कापडे जरा तिरकी ठेवली की धाग्यांच्या घरांपेक्षा कितीतरी मोठी नक्षी उमटते; इथे तशी नक्षी अणूंची उमटते, इलेक्ट्रॉन तिच्यात मंदावतात आणि त्यांचे एकमेकांवरचे परिणाम प्रबळ होतात. पण हे घडले १.७ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंशांच्याही खाली. शिवाय इतक्या पातळ थरातून माग चालवण्याइतका प्रवाह नेणार कसा?

मग या संशोधनावर खर्च कशाला? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने तांब्याच्या ऑक्साइड-अतिवाहकाच्या पातळ चकत्या अशाच फिरवून जोडल्या. विरोधाविना वाहणारा प्रवाह एका दिशेने जास्त आणि उलट दिशेने कमी जाऊ देणारा हा डायोड ७७ केल्विनपर्यंत चालला. २०२४ मध्ये ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये त्याचा निबंध आला. ७७ केल्विन म्हणजे द्रव नायट्रोजनचे तापमान. महागडे द्रव हेलियम इथे लागत नाही. नायट्रोजन तर कृत्रिम रेतनासाठी खेड्यापाड्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतही पोचतो. अशा जोडण्यांचा उपयोग पुढच्या संगणकांत आणि अतिसंवेदनशील मापकांत आहे. पैसा मागायचा तो हेच सांगून.

माग बंद पडत असताना ही चैन कशाला, असे कोणी विचारील. अशा संशोधनालाही हातभार लावणारे, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय क्वांटम अभियान ६,००३.६५ कोटींचे, तेही आठ वर्षांसाठी आणि अख्ख्या देशासाठी. ते गुंडाळले तरी मागाचा वीजदर उतरणार नाही. तो ठरतो वीज नियामक आयोगापुढे आणि मंत्रालयात. दुसरा आक्षेप मात्र मला पटतो : अभियानाची चारही मुख्य केंद्रे बंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीत आहेत. सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी वीजदराची लढाई जरूर लढावी. पण त्याचबरोबर जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांसाठी द्रव नायट्रोजनवर चालणारी एक सामाईक अतिवाहक प्रयोगशाळाही मागावी.