खुंटाचे गोत्र

लग्न जुळवताना आपण घर, कुळ, गोत्र, आजोळ, सारे खोदून खोदून विचारतो. आंब्याचे कलम घेताना मात्र एवढेच विचारतो, "हापूसच ना?" ज्याने जन्मभर जमिनीत पाय रोवून उभे राहायचे, त्या खुंटाची चौकशी कोणी करीत नाही. मीही केली नव्हती.

2018 च्या जुलैत वसईला पावसाने असे झोडपले की आगगाड्यासुद्धा थांबल्या. आमच्या वाडीत घोटाभर पाणी कितीतरी दिवस हटेना. एकाच दिवशी आणलेली दोन हापूस कलमे तिथे शेजारी शेजारी होती. दसऱ्यापर्यंत एकाच्या काटक्या झाल्या. दुसऱ्याला पालवी आली. शेजारचे काका म्हणाले, "नशीब एकेकाचे!"

पण जगलेल्या कलमाच्या जोडाखाली, पाण्याच्या रेषेशी, सालीवर कुरमुऱ्यांसारखे पांढुरके फुगोटे आले होते. मुळांना श्वास लागतो. जमिनीत ओल आणि हवा दोन्ही नांदतात, त्याला आपण वाफसा म्हणतो. पाणी तुंबले की ती हवा संपते. मग काही झाडे सालीवरची बारीक छिद्रे फुगवून तिथून हवा खाली पोचवतात. फ्लोरिडातल्या संशोधकांनी या फुगोट्यांना व्हॅसलीन फासून पाहिले, तर पाण्यातली आंब्याची झाडे थोड्याच दिवसांत मेली!

मग दोन कलमांत फरक का पडला? वर दोन्ही हापूस, पण खाली रायवळ. रायवळची प्रत्येक कोय म्हणजे वेगळा जन्म. एक तगणारी, दुसरी नाही. ओलूर, बप्पकाई यांसारख्या पश्चिम किनाऱ्याच्या जातींत एकाच कोयीतून अनेक रोपे येतात आणि त्यांतली बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात. त्यांत पाणी सोसणारी एखादी सापडली, तर सगळे खुंट एकाच वाणाचे करता येतील. ही आशा पोकळ नव्हे. दलदलीत वाढणाऱ्या पाँड अ‍ॅपलच्या खुंटावर सीताफळाच्या गोतातली झाडे पाण्यात तगवून दाखवली गेली आहेत.

तरी खुंटावर सगळा भार टाकू नये. पावसाचे पाणी पोटात घेणारी आपली बावखले बुजवली, तर कोणता खुंट काय करणार? तो चार दिवस धीर धरील, चार महिने नव्हे.

जगलेल्या कलमाच्या जोडाखाली यंदा एक फूट आली आहे. एरवी ती मी लगेच मोडली असती. आता तिला गुटी बांधली आहे. आंब्याला गुटीवर मुळे सहजी येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन पाहून येतो. आणि हो, नव्या कलमासाठी रोपवाटिकेत गेलो, की आता पहिला प्रश्न खुंटाचा!