वऱ्हाडातले 978.6

सरल आवर्त गतीत कणावरील बल त्याला सतत मध्यस्थितीकडे ओढत असते आणि कण मध्यापासून जितका दूर जाईल तितकी ही ओढ वाढते. म्हणून टोकाला त्वरण सर्वाधिक पण वेग शून्य, तर मध्यातून जाताना वेग सर्वाधिक पण त्वरण शून्य, असा उफराटा हिशेब येथे चालतो. दोऱ्याला टांगलेला गोळा, म्हणजेच साधा लंबक, लहान कोनातून सोडल्यास ही गती जवळजवळ काटेकोर पाळतो. त्याचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाचा वेळ, दोऱ्याची लांबी आणि त्या ठिकाणचे गुरुत्वत्वरण यांवरच ठरतो, गोळ्याच्या वजनाशी त्याला कर्तव्य नसते.

‘त्या ठिकाणचे’ हे दोन शब्द प्रयोगशाळेत विसरले जातात. वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला 21 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने तेथे गुरुत्वत्वरण सुमारे 978.6 सेंमी प्रति सेकंद वर्ग भरते. जर्नलात सर्रास लिहिले जाणारे 981 हे लंडन-पॅरिसकडचे मूल्य होय. लंडनमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ अमरावतीत टांगले, तर ते दिवसाला जवळजवळ दोन मिनिटे मागे पडेल. असेच स्थानिक फरक मोजण्यासाठी बासेव्ही या सर्वेक्षण अधिकाऱ्याने 1865 पासून भारतभर लंबक हिंडवले आणि 1871 मध्ये लडाखच्या उंचावर, हे काम चालू असतानाच, त्याचा अंत झाला.

आता लंबकावरून गुरुत्वत्वरण काढण्याच्या प्रॅक्टिकलचे गणित पाहावे. एक मीटर लांबीच्या लंबकाला 20 दोलनांसाठी 981 धरल्यास 40.12 सेकंद लागतात, वऱ्हाडात प्रत्यक्षात 40.17, हा पाच शतांश सेकंदाचा फरक स्टॉपवॉचचे बटण दाबणाऱ्या अंगठ्याला पकडता येणे शक्य नाही. तरीही जर्नलात 981 नेमके उतरते, ते मोजून नव्हे, तर उत्तराकडून मागे येऊन. (एरवी इतके प्रामाणिक असणारे विद्यार्थीही येथे डोळे मिटतात.) हीच दोलने 200 मोजली तर फरक अर्ध्या सेकंदाचा होतो, वेळ सात मिनिटांहून कमी लागतो, आणि लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मिलिमीटरने मोजून कोन पाच अंशांच्या आत ठेवला, तर 978 आणि 981 वेगळे दिसू लागतात.

तेव्हा जर्नलावर सही करणाऱ्या शिक्षकांनी आधी दोलनांची संख्या पाहावी, उत्तर नंतर.