आकडा स्वतः निवडला म्हणून नशीब आपल्या हातात येतं का?

मटका आणि लॉटरी खेळणाऱ्या पोरांमध्ये एक वाद नेहमी चालतो. आकडा आपण स्वतः डोकं लावून निवडावा, की मशीन देईल तो घ्यावा? एकजण चार्ट काढून सांगतो, 'ही जोडी बरेच दिवस आली नाही, आता येणारच.' दुसरा म्हणतो, 'मशीनला भावना नसतात, तिचाच घे.' बार्शीसारख्या बाजारपेठेच्या गावात हा वाद चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतो. वाद घालणारे बहुतेक आपल्याच वस्त्यांतले, हमाली, बिगारी करणारे किंवा काम शोधणारे तरुण असतात. म्हणून या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायला हवं.

आधी गणित पाहू. जोडी ०० ते ९९ मधली कुठलीही असू शकते. सोडत प्रामाणिक असेल तर प्रत्येक जोडीची शक्यता शंभरात एक. ती तुम्ही निवडा, मशीनने द्या, नाहीतर लहान पोराला चिठ्ठी उचलायला लावा, शक्यता तीच. जोडीला साधारण रुपयाला ९० रुपये भाव मिळतो. म्हणजे शंभरच्या शंभर जोड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर गेले १०००, आले ९००. आलेले पैसे माणूस घरी नेत नाही, पुन्हा लावतो. अशा सात फेऱ्या झाल्या की हजाराचे सरासरी ४७८ रुपये उरतात. इथे आकडा कुणी निवडला हा मुद्दाच येत नाही.

आणि सोडत प्रामाणिक नसेल तर? मटक्याचा आकडा तुमच्यासमोर निघत नाही. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले हे फक्त खेळ चालवणाऱ्याला ठाऊक असतं. त्याला लबाडी करायची असेल तर तो ज्यावर लोकांचे पैसे जास्त तोच आकडा टाळेल. म्हणजे सगळ्यांचा 'लकी' आकडा हाच सर्वांत वाईट.

मशीनच्या बाजूने एकच गोष्ट खरी आहे. परदेशात ४९ पैकी ६ आकडे निवडायच्या लॉटऱ्या असतात आणि मोठं बक्षीस विजेत्यांत वाटलं जातं. लोक जन्मतारखा लावतात, त्यामुळे १ ते ३१ मध्ये गर्दी होते. तिथे मशीनचा आकडा लागला तर वाटेकरी कमी मिळण्याची शक्यता असते. पण तो लागण्याची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एकच राहते.

'बरेच दिवस आला नाही म्हणून येणार' हाही भ्रमच. इटलीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा जवळपास दोन वर्षं निघाला नव्हता. लोकांनी घरदार पणाला लावून त्यावर पैसे ओतले. फेब्रुवारी २००५ मध्ये तो निघाला, तोवर कित्येक कुटुंबं बुडाली होती. सोडतीला कालचं काही आठवत नसतं.

मग माणूस आकडा निवडण्यात एवढा का गुंततो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना लॉटरीचं तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींना हातात दिलं. नंतर ते परत विकत मागितल्यावर स्वतः निवडणाऱ्यांनी चौपटीहून जास्त किंमत सांगितली. तिकिटाची शक्यता तीच होती, फक्त 'हे माझं' वाटत होतं. या भावनेवरच धंदा चालतो. हरलेला माणूस खेळाला दोष देत नाही, 'माझा अंदाज चुकला' म्हणतो आणि उद्या परत येतो.

आपल्यासाठी खरा धोका इथे आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला पोरगा स्वप्नातल्या सापावरून आकडा काढतो, बाबाकडे आकडा विचारायला जातो. कुणी १४ एप्रिलवरून १४ लावत असेल, तर त्याने बाबासाहेबांनाच आकडा देणारा देव करून टाकलं. हा दैववाद आहे, आणि दैववादानेच आपल्याला शतकानुशतकं 'तुझ्या नशिबातच नाही' असं सांगितलं.

मटक्याचा इतिहासही हेच सांगतो. न्यूयॉर्कच्या बाजारातून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर पैजा लागत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. गिऱ्हाईक होता गिरणी कामगार. १९६९ मध्ये सरकारनेच राज्य लॉटरी काढली. बार्शीही गिरण्यांचं गाव. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची इथली गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. पगाराचा भरवसा गेला की आकड्याचा भरवसा वाटू लागतो. म्हणून खेळणाऱ्याला नुसतं नालायक म्हणून चालणार नाही.

संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये पैज आणि जुगार ही नोंद राज्यसूचीतून वगळा, अशी मागणी झाली. बाबासाहेबांचं उत्तर होतं, नोंद वगळून जुगार थांबणार नाही. नोंद असेल तर राज्याला त्यावर बंदीही घालता येईल. तो अधिकार राज्याकडे आजही आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहे. मग चिठ्ठी लिहिणाऱ्या गरीब पोराला पकडून मालकाला मोकळं का सोडता, हा प्रश्न निवेदन घेऊन विचारणं कार्यकर्त्यांचं काम आहे.

दुसरं काम घरातलं. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगार हा संपत्तीच्या नाशाचा मार्ग सांगितला आहे. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, आणि सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. त्याच सुत्तात कमाईची वाटणीही आहे: एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, चौथा संकटासाठी राखून. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर तरुणांना वही-पेन द्या. महिन्यात आकड्यावर किती गेले आणि किती आले, हे ज्याचं त्याने लिहावं. कुणाचं नाव घेऊ नका, कुणाला लाजवू नका. बेरीज झाली की त्या रकमेत स्पर्धा परीक्षेची किती पुस्तकं आली असती, तेही शेजारी लिहा.

आकडा कुणी निवडावा याचं उत्तर त्या वहीत मिळेल.

जय भीम!