जागतिकीकरणाने गरिबी घटवली की विषमता वाढवली? उत्तर एका 'हत्ती'त आहे

'जागतिकीकरणामुळे गरिबी घटली' आणि 'जागतिकीकरणामुळे श्रीमंत आणखी श्रीमंत झाले'. सोशल मीडियावर ही दोन वाक्यं एकमेकांवर फेकली जातात. पण दोन्ही एकाच वेळी खरी असतील तर?

हत्ती कुठून आला?

2013 मध्ये जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ क्रिस्तोफ लाकनर आणि ब्रँको मिलानोविच यांनी एक आलेख मांडला. जगातल्या लोकांना सर्वांत गरीब ते सर्वांत श्रीमंत असं एका रांगेत उभं केलं आणि 1988 ते 2008 या काळात कोणत्या गटाचं उत्पन्न किती टक्के वाढलं ते पाहिलं. रेष काढली तर आकार दिसला हत्तीचा!

• पाठ: रांगेच्या मधले लोक, त्यात चिनी सर्वाधिक. महागाई वजा करूनही उत्पन्न 70 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त वाढलं.
• सोंडेची खालची बाजू: श्रीमंत देशांतले कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्ग. वाढ जवळपास शून्य.
• सोंडेचं वर गेलेलं टोक: जगातले सर्वांत श्रीमंत 1 टक्का. वाढ 60 टक्क्यांहून जास्त.
• शेपटी: सर्वांत गरीब लोक. त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

टक्केवारीत फसू नका

समजा, रोज 100 रुपये कमावणाऱ्याचं उत्पन्न 70 टक्क्यांनी वाढून 170 झालं. 10,000 कमावणाऱ्याचं 60 टक्क्यांनी वाढून 16,000 झालं. टक्क्यांत गरीब पुढे, पण दोघांमधली दरी 9,900 वरून थेट 15,830 रुपयांवर!

सगळं श्रेय किंवा दोष जागतिकीकरणाचाच?

नाही. सोव्हिएत संघाचं विघटन आणि जपानची मंदावलेली अर्थव्यवस्था यांमुळेही सोंड खाली गेली, असं टीकाकार सांगतात. तंत्रज्ञान आणि प्रत्येक देशाची कररचना यांचाही वाटा आहे. तोच जागतिक व्यापार, पण शिक्षण, आरोग्य आणि करांबाबत सरकारं काय ठरवतात, यावर त्याचा फायदा कुणाच्या घरात जाणार हे ठरतं.

याचा आज काय संबंध?

कारखाने परदेशात गेल्याचा राग अमेरिकेच्या 2016 च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या कामी आला. आयात शुल्काचं राजकारणही त्याच रागावर चालतं. पण शुल्क वाढलं की फटका बसतो तो निर्यातीसाठी कपडे शिवणाऱ्या बांगलादेशातल्या किंवा भारतातल्या कामगाराला. तो तर हत्तीच्या पाठीवर नुकताच कुठे चढतोय.

म्हणून पुढच्या वेळी 'जगाचं उत्पन्न वाढलं' असं वाचलंत, तर एवढंच विचारा: कुणाचं?