डाव्या हाताची किंमत

खेळाच्या नियमांना आपण साहित्य मानत नाही. पण नियम हेही माणसाविषयीचे एक विधान असते, असे आम्हांस वाटते. टेबलाभोवती बसून फासे टाकत कथा रचणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील दोन शस्त्रांनी लढण्याचा नियम पाहावा.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अशिक्षित योद्ध्याने दोन शस्त्रे धरली, तर वीस बाजूंच्या फाशावरील दानातून मुख्य हातासाठी ६ आणि दुसऱ्यासाठी १० वजा होत. दुसऱ्या हातात हलके शस्त्र आणि पदरी दोन स्वतंत्र कौशल्ये असली, की ही वजावट दोन्हींकडे २ वर येई. सव्यसाची तिथे कष्टाने घडत असे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत वजावट गेली. दोन हलकी शस्त्रे पुरेशी ठरली. मात्र दुसरा वार त्या पाळीतली ‘बोनस अ‍ॅक्शन’ खर्ची घाली. २०२४च्या नियमांत ‘निक’ या शस्त्रप्रावीण्याने तोही खर्च वाचवला.

हिशेब सुटसुटीत झाला, हे मान्य. तथापि पात्राची खरी ओळख त्याने कशापायी काय सोडले यावरून पटते. दान चुकण्याची भीती पत्करून डावा हात उचलणारा योद्धाच आम्हांस अधिक वाचनीय वाटतो.