अठरा ते पंचवीस

जेफ्री आर्नेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २००० साली लिहिलं : १८ ते २५ हे वय स्वतःला शोधायचं. शिकावं, प्रेम करून बघावं, कामं बदलावीत. परवा शिबिरात एका प्राध्यापकानं हेच ऐकवलं. वर म्हणतो, तुम्ही पोरं गोंधळलेली आहात.

कसला गोंधळ? मॅट्रिक झालो आणि बापानं अंथरूण धरलं. अठराव्या वर्षी गोदीत बदलीवर, पाठीवर गोणी, घरात पाच तोंडं. मी कोण ते मुकादमानं पहिल्याच दिवशी आडनाव विचारून ठरवून टाकलं. प्रेमही केलं. तिच्या भावानंही आडनावच विचारलं.

आर्नेट निदान इमानदार. जिथं समाज जबाबदाऱ्या पुढं ढकलू देतो तिथंच हे वय असतं, हे त्यानंच लिहिलंय. प्राध्यापकानं साला तेवढंच गाळलं.

१९१३ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांचे वडील वारले. त्याच साली, बाविसाव्या वर्षी, ते कोलंबियाला गेले. बडोद्याची शिष्यवृत्ती : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ते वय त्यांना शिष्यवृत्तीनं दिलं.

माझ्या धाकट्या बहिणीची शिष्यवृत्ती वर्षभर अडकलीय. कॉलेज सोडते म्हणते. मी म्हणालो, सोडायचं नाही. सोमवारी आम्ही दोघं साहेबाच्या टेबलापुढं ठाण मांडणार. प्राध्यापकालाही बोलावलंय.